आभासी चलनाचे नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा?

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा निर्णय कोणी घेतला हे देशातील प्रत्येकाला ठाऊक होते. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर वाद झाले. निर्णय घेताना रिझर्व्ह बँक कायद्यातील तरतुदींचे पालन झाले की नाही, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय वैध ठरवला. रुपयाच्या बाबतीत अधिकार कोणाचा, तो कोणत्या कलमाखाली वापरायचा आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, या तिन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत.

बिटकॉइन किंवा इथरसारख्या आभासी चलनांच्या बाबतीत हेच तीन प्रश्न विचारले की गोंधळ सुरू होतो. या चलनांना मध्यवर्ती बँक नाही, संचालक मंडळ नाही आणि नोंदणीकृत कार्यालयही नाही. तरीही त्यांचे नियम बदलत असतात. एका ब्लॉकमध्ये किती व्यवहार मावावेत, व्यवहारशुल्काचे काय करावे, चोरीला गेलेली रक्कम परत फिरवावी की नाही, असे मूलभूत निर्णय गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा घेतले गेले आहेत. त्यांपैकी काही निर्णयांमुळे एका चलनाची दोन चलने झाली. हे निर्णय नेमके घेतो कोण, हे आपला पैसा या चलनांत गुंतवणाऱ्याने समजून घेतलेच पाहिजे.

नियम राहतात कोठे?

या चलनांची खातेवही, म्हणजेच ब्लॉकचेन, जगभर पसरलेल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. अशा प्रत्येक संगणकाला ‘नोड’ म्हणतात. नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे नवे पान, आपल्यापर्यंत आले की नोड ते स्वतः तपासून पाहतो. सही बरोबर आहे का, तीच रक्कम दोनदा खर्च झालेली नाही ना, ठरलेल्यापेक्षा जास्त नाणी निर्माण केली गेलेली नाहीत ना, याची खातरजमा झाली तरच ते पान वहीला जोडले जाते. नियमांची राजपत्रात छापलेली अशी प्रत कोठेही नाही. नोडवर चालणारी संगणकीय आज्ञावली हीच घटना आणि हाच कायदा.

ही आज्ञावली लिहिणारे प्रोग्रामर हा पहिला घटक. बिटकॉइनच्या बाबतीत ‘बिटकॉइन कोअर’ ही आज्ञावली सर्वाधिक वापरली जाते. ती मुक्तस्रोत असल्यामुळे कोणीही वाचू शकतो आणि कोणीही बदल सुचवू शकतो. सुचवलेला बदल मूळ प्रतीत समाविष्ट करण्याची किल्ली मात्र ‘मेंटेनर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या लोकांकडे असते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची संकल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. पुढे सातोशी पडद्याआड गेले. किल्ली गॅव्हिन अँड्रेसन यांच्याकडे आली आणि २०१४ मध्ये त्यांनी प्रमुखपद व्लादिमीर व्हॅन डर लान यांच्याकडे सोपवले. ही नेमणूक मतदानाने झालेली नव्हती. २०१६ मध्ये क्रेग राइट हेच सातोशी असल्याची ग्वाही अँड्रेसन यांनी दिली, तेव्हा इतर मेंटेनरांनी खुद्द अँड्रेसन यांचीच किल्ली काढून घेतली.

दुसरा घटक मायनरांचा. प्रचंड वीज आणि यंत्रसामग्री वापरून नवे ब्लॉक तयार करणारे हे लोक. त्यांतील बहुतेक जण ‘पूल’ नावाच्या गटांत एकत्र येऊन काम करतात. तिसरा घटक नोड चालवणाऱ्यांचा, चौथा चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजचा आणि पाचवा सर्वसामान्य धारकांचा. नियम बदलायचा असेल तर हे पाचही घटक कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मध्ये येतात. बदल लिहिता येतो, पण तो दुसऱ्याच्या संगणकावर बळजबरीने बसवता येत नाही, ही या व्यवस्थेची मूळ अट होय.

कडक नियम आणि सैल नियम

बदल दोन प्रकारचे असतात आणि अधिकाराचा प्रश्न समजण्यासाठी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. पूर्वीचा नियम अधिक कडक करणारा बदल म्हणजे ‘सॉफ्ट फोर्क’. वसतिगृहात रात्री अकरापर्यंत येण्याची मुभा असताना दहाची वेळ ठरवली, तर दहाला येणारा विद्यार्थी जुन्या पहारेकऱ्यालाही चालतो. त्याचप्रमाणे, बहुसंख्य मायनरांनी सॉफ्ट फोर्क अमलात आणला तर जुनी आज्ञावली चालवणारे नोडही नवे ब्लॉक स्वीकारत राहतात.

नियम सैल करणारा बदल म्हणजे ‘हार्ड फोर्क’. अकराऐवजी बाराची मुभा दिली आणि जुन्या पहारेकऱ्याला ती मान्य नसली, तर साडेअकराला आलेल्याला तो दारातच अडवतो. येथे प्रत्येक नोडला नवी आज्ञावली घ्यावीच लागते. जे घेत नाहीत ते जुन्या वहीतच लिहीत राहतात. त्यांची संख्या आणि जिद्द पुरेशी असेल तर एका वहीच्या दोन वह्या होतात आणि त्यांतून दोन चलने जन्माला येतात. फाटाफुटीपूर्वी ज्याच्याकडे दहा नाणी असतील, त्याच्याकडे दोन्ही वह्यांत दहा-दहा नाण्यांची नोंद राहते. बाजार त्यांना काय भाव देणार, हा नंतरचा प्रश्न.

आणीबाणीतील निर्णय

संकट आले की मोठ्या संस्थांतही निर्णय चार माणसांच्या हाती जातात. बिटकॉइन त्याला अपवाद ठरलेले नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी आज्ञावलीतील एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी एकाच व्यवहारात १८ हजार कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, हे या चलनाचे मूळ आश्वासन. सातोशी त्या वेळी सक्रिय होते. काही तासांतच दुरुस्त आज्ञावली प्रसिद्ध झाली, मायनरांनी ती घेतली आणि तो ब्लॉक वहीतून बाद झाला. तेव्हा जाळे लहान होते आणि शब्द प्रत्यक्ष निर्मात्याचा होता.

मार्च २०१३ मधील प्रसंग अधिक बोलका आहे. नवी ०.८ आवृत्ती वापरणाऱ्यांनी तयार केलेला एक ब्लॉक ०.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना पचला नाही आणि वही अनवधानाने दुभंगली. अधिक संगणकीय शक्ती नव्या आवृत्तीच्या बाजूला होती. ‘सर्वाधिक काम झालेली साखळी ती खरी’ हा नियम अक्षरशः पाळला असता तर नवी बाजूच जिंकायला हवी होती. परंतु असंख्य वापरकर्ते आणि व्यापारी जुन्या आवृत्तीवर होते. प्रोग्रामरांनी गप्पाकक्षात चर्चा करून जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा सल्ला दिला. ‘बीटीसी गिल्ड’ या त्या काळच्या मोठ्या पूलने, आपण मिळवलेल्या ब्लॉकचे उत्पन्न बुडणार हे माहीत असूनही, तो मानला. काही तासांत दोन्ही वह्या पुन्हा एक झाल्या. सल्ला देणाऱ्यांकडे आदेशाचा अधिकार नव्हता आणि ऐकणाऱ्यावर सक्ती नव्हती. तरीही त्या रात्री चलनाचे भवितव्य बोटांवर मोजता येतील एवढ्या लोकांनी ठरवले, हे नाकारता येत नाही.

ब्लॉकच्या आकाराचे महाभारत

संकटात एकमत सोपे असते, कारण चूक कोणती हे सर्वांना दिसत असते. खरी कसोटी लागते ती हितसंबंध परस्परविरोधी असतात तेव्हा. २०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनने हा अनुभव घेतला. ब्लॉकचा आकार एक मेगाबाइटपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा सातोशी यांनी २०१० मध्ये घातली होती. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक या हिशेबाने सेकंदाला जेमतेम सात व्यवहार होत. वापर वाढला तशी ही मर्यादा अपुरी पडू लागली.

आकार वाढवावा, म्हणजे व्यवहार स्वस्त आणि जलद होतील, असे एका गटाचे म्हणणे होते. ब्लॉक मोठे झाले तर वही इतकी फुगेल की सामान्य माणसाला नोड चालवणे परवडणार नाही आणि सारी सत्ता मोठ्या कंपन्यांकडे जाईल, अशी दुसऱ्या गटाची भीती होती. म्हणजे वाद वरवर तांत्रिक असला, तरी मुळात तो अधिकाराचाच होता. ऑगस्ट २०१५ मध्ये अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी आठ मेगाबाइटच्या ब्लॉकची तरतूद असलेली ‘बिटकॉइन एक्सटी’ ही पर्यायी आज्ञावली आणली. तिला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. एकेकाळी ज्याच्या हाती किल्ली होती, त्याच्याही शब्दावर जाळे हलले नाही.

दरम्यान कोअरच्या प्रोग्रामरांनी ‘सेगविट’ नावाचा सॉफ्ट फोर्क तयार केला. त्यामुळे ब्लॉकमध्ये अप्रत्यक्षपणे अधिक व्यवहार मावणार होते. तो लागू होण्यासाठी सुमारे दोन आठवड्यांच्या अवधीतील ९५ टक्के ब्लॉकमध्ये मायनरांनी संमतीची खूण नोंदवावी, अशी अट होती. मायनरांनी महिनोन्महिने ती नोंदवली नाही. ही खूण सज्जता कळवण्यासाठी होती, पण प्रत्यक्षात तिचा वापर सौदेबाजीचे हत्यार म्हणून झाला.

मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे एक करार झाला. २२ देशांतील ५८ कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या आणि एकूण मायनिंग शक्तीच्या ८३ टक्क्यांहून अधिक शक्ती आपल्यामागे असल्याचे जाहीर केले. आधी सेगविट आणि नंतर दोन मेगाबाइटचा हार्ड फोर्क, असा तो समझोता होता. कोणत्याही कंपनी कायद्याखाली एवढे बहुमत निर्णायक ठरले असते.

त्याच सुमारास एका टोपणनावाच्या प्रोग्रामरने मांडलेला एक प्रस्ताव जोर धरू लागला होता. १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविटला संमती न दर्शवणारे ब्लॉक आमचे नोड नाकारतील, असे त्यात होते. म्हणजेच मायनरांची वाट न पाहता वापरकर्त्यांनीच नियम लागू करायचा. असे नोड अल्पसंख्य होते. पण १ ऑगस्टला वही फाटली आणि आपण तयार केलेली नाणी एक्स्चेंजने घेतलीच नाहीत तर काय, हा धोका मायनरांना पत्करायचा नव्हता. जुलै संपण्यापूर्वीच त्यांनी संमती दिली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सेगविट लागू झाला. मोठ्या ब्लॉकचा आग्रह धरणाऱ्या एका गटाने १ ऑगस्टलाच वेगळी चूल मांडली. ते चलन म्हणजे ‘बिटकॉइन कॅश’.

करारातील दुसरा भाग मात्र कधीच प्रत्यक्षात आला नाही. पुरेसे एकमत झालेले दिसत नाही, असे सांगत ८ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच्या पुरस्कर्त्यांनी हार्ड फोर्क स्थगित केल्याचे ई-मेलद्वारे जाहीर केले. ८३ टक्के मायनिंग शक्ती आणि ५८ कंपन्या एकत्र येऊनही नियम बदलू शकल्या नाहीत, हा या वादाचा सर्वांत मोठा धडा होय.

त्यानंतर बिटकॉइनमधील बदलांचा वेग फारच मंदावला. ‘टॅपरूट’ ही पुढची मोठी सुधारणा वादग्रस्त नव्हती. तरीही ९० टक्के मायनरांची संमती घेऊन ती १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे सेगविटनंतर चार वर्षांहून अधिक काळाने लागू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअरच्या ३० व्या आवृत्तीने व्यवहारासोबत जोडता येणाऱ्या इतर माहितीवरील मर्यादा ८३ बाइटवरून एक लाख बाइटपर्यंत सैल केली. हा मूळ नियमांतील बदल नव्हता. प्रत्येक नोडचालकाला तो फिरवता येणारा होता. तरीही विरोधकांपैकी अनेक जण ‘बिटकॉइन नॉट्स’ या दुसऱ्या आज्ञावलीकडे वळले. न पटणारी आवृत्ती न बसवणे, हेच येथील मतदान.

इथेरियमचा निराळा मार्ग

३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथेरियमने बदलाबाबत उघडपणे वेगळे धोरण स्वीकारले. त्याचे निर्माते व्हिटालिक ब्युटेरिन अज्ञातवासात गेले नाहीत. इथेरियम फाउंडेशन ही संस्था संशोधनाला पैसा पुरवते आणि वेगवेगळ्या चमूंचे प्रोग्रामर नियमितपणे जाहीर दूरबैठका घेऊन पुढील सुधारणेत काय असावे हे ठरवतात. बैठकीत मतमोजणी होत नाही. ढोबळ एकमत झाले की प्रस्ताव पुढे जातो.

या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा २०१६ मध्ये झाली. ‘द डीएओ’ नावाच्या गुंतवणूक निधीत लोकांनी सुमारे १५ कोटी डॉलरचे इथर गुंतवले होते. १७ जून २०१६ रोजी त्याच्या आज्ञावलीतील त्रुटीतून सुमारे ३६ लाख इथर वळते करण्यात आले. निधीच्या नियमानुसार ते काही आठवडे बाहेर काढता येणार नव्हते, म्हणून विचाराला वेळ मिळाला. आज्ञावली हाच कायदा असेल तर जे घडले ते कायदेशीरच, असे एक मत होते. दुसरे मत असे, की हजारो लोकांचा पैसा डोळ्यांदेखत जाऊ देणे हा वेडेपणा ठरेल. धारकांचा कौल घेण्यात आला. त्यात सुमारे ८७ टक्के कौल हार्ड फोर्कच्या बाजूने पडला, परंतु कौलात उतरलेले इथर एकूण इथरच्या सुमारे साडेपाच टक्केच होते. २० जुलै २०१६ रोजी हार्ड फोर्क झाला आणि रक्कम मूळ गुंतवणूकदारांना परत मिळण्याची सोय झाली. ज्यांना हे तत्त्वतः अमान्य होते, त्यांनी जुनीच वही चालू ठेवली. ती ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून आजही अस्तित्वात आहे.

एकदा पायंडा पडला की दुसऱ्यांदा मागणी होणारच. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘पॅरिटी’ या डिजिटल पाकिटाच्या सामायिक आज्ञावलीत झालेल्या एका कृतीमुळे पाच लाखांहून अधिक इथर कायमचे अडकले. येथे कोणी चोरीही केलेली नव्हती. ते सोडवण्याने कोणाचेच थेट नुकसान होणार नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये कौल घेण्यात आला, तेव्हा ५५ टक्के मत विरोधात गेले आणि प्रस्ताव बारगळला. २०१६ मध्ये ज्यांचा पैसा बुडाला ते संख्येने बहुत होते आणि जाळे तरुण होते. २०१८ मधील पीडितांच्या वाट्याला तसा न्याय आला नाही. समान परिस्थितीत समान निर्णय देण्याचे बंधन न्यायालयावर असते. येथे असे बंधन कोणावरच नाही.

मायनरांच्या हितसंबंधांविरुद्ध मात्र इथेरियमने दोनदा यशस्वी पाऊल उचलले. ५ ऑगस्ट २०२१ रोजीच्या सुधारणेने व्यवहारशुल्काचा मोठा भाग मायनरांना देण्याऐवजी नष्ट करण्यास सुरुवात झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजीच्या ‘मर्ज’ या सुधारणेने तर मायनिंगच बंद केले. त्या जागी इथर तारण ठेवणारे ‘व्हॅलिडेटर’ आले आणि जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मायनरांनी विरोध का केला नाही? काहींनी जुनी पद्धत चालवणारी वेगळी वही काढलीही, पण एक्स्चेंज, मोठे प्रकल्प आणि धारक नव्या वहीबरोबर गेल्यामुळे ती प्रभावहीन ठरली. शिवाय इथेरियमच्या आज्ञावलीत सुरुवातीपासून एक ‘टाइमबॉम्ब’ ठेवलेला होता. ठरावीक काळाने मायनिंग आपोआप अवघड होत जाई आणि नवी आवृत्ती घेतल्याशिवाय त्यातून सुटका नसे. बिटकॉइनमध्ये काहीच न करणाऱ्याची बाजू जिंकते. इथेरियमने काहीच न करण्याची सोयच काढून घेतली होती. अधिकार कोणाकडे झुकतो, हे अशा बारीक तरतुदींवर ठरत असते.

मुंबईशी नाते असलेले जाळे

या विषयाला मुंबईचाही एक संदर्भ आहे. इथेरियमवरील व्यवहार स्वस्त करण्यासाठी जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक नेटवर्क’ सुरू केले. तेच पुढे ‘पॉलिगॉन’ झाले. २०२४ पर्यंत वापरात असलेल्या त्याच्या चाचणी जाळ्याचे नावच ‘मुंबई’ होते.

३ डिसेंबर २०२१ रोजी एका सुरक्षा संशोधकाने पॉलिगॉनच्या करार-आज्ञावलीतील गंभीर त्रुटी कळवली. एकूण १००० कोटी मॅटिक नाण्यांपैकी ९२० कोटींहून अधिक नाणी तीतून पळवता आली असती. चमूने व्हॅलिडेटरांशी गुपचूप संपर्क साधला आणि ५ डिसेंबरला हार्ड फोर्क पार पडला. तोवर ८ लाखांहून अधिक मॅटिक चोरीस गेले होते. ते नुकसान प्रतिष्ठानने सोसले. जाळ्याच्या वापरकर्त्यांना सविस्तर माहिती मिळाली ती २९ डिसेंबरला. आधी वाच्यता केली असती तर चोरांना आमंत्रणच मिळाले असते, हा चमूचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण लाखो लोक वापरत असलेल्या जाळ्याचे नियम दोन दिवसांत, त्यांना न सांगता बदलता येतात, हेही त्यातून सिद्ध झाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘बीएनबी चेन’वर मोठा हल्ला होऊन २० लाख बीएनबी नाणी बेकायदा निर्माण झाली, तेव्हा तर संपूर्ण जाळेच काही तास थांबवण्यात आले. त्या वेळी तेथे सक्रिय व्हॅलिडेटर होते अवघे २६. एवढ्यांना एकाच वेळी निरोप देणे शक्य असते. दरवेळी ‘विकेंद्रित’ हा एकच शब्द वापरला जात असला, तरी हजारो नोडचे जाळे आणि २६ व्हॅलिडेटरांचे जाळे यांत अधिकाराच्या दृष्टीने महदंतर आहे.

मतपेटीचा पर्याय

हा सारा अनौपचारिक कारभार टाळण्यासाठी काही चलनांनी मतदानच आज्ञावलीत बसवले. ‘टेझोस’ हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे नाणी तारण ठेवणारे ‘बेकर’ प्रस्तावांवर मत देतात आणि ठरलेले बहुमत व गणसंख्या मिळाली की सुधारणा आपोआप लागू होते. २०१९ मध्ये ‘अथेन्स’ ही पहिली सुधारणा अशा रीतीने अमलात आली. निर्णयाची कार्यपद्धती त्यामुळे स्पष्ट झाली हे खरे. मात्र येथे एका माणसाला एक मत नसते. मताचे वजन नाण्यांच्या संख्येवर ठरते. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ज्याच्या सदनिका जास्त त्याचीच मते जास्त असती, तर जे झाले असते तेच येथे होते. शिवाय अनेक धारक आपली नाणी एक्स्चेंजकडे ठेवतात आणि त्यांच्या नावावर मत एक्स्चेंज देऊ शकते.

दाद कोठे मागायची?

प्रोग्रामरांना कायद्याने जबाबदार धरता येईल का, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात उभा राहिला. क्रेग राइट यांच्याशी संबंधित ‘ट्युलिप ट्रेडिंग’ या कंपनीने आपल्या बिटकॉइनच्या किल्ल्या चोरीस गेल्याचा दावा करून, प्रोग्रामरांनी आज्ञावली बदलून ती नाणी परत मिळवून द्यावीत, अशी मागणी केली. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती प्राथमिक टप्प्यावरच फेटाळली. पण अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, प्रोग्रामरांवर विश्वस्ताप्रमाणे कर्तव्य असू शकते का हा प्रश्न सुनावणीयोग्य आहे, असे म्हटले. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या खटल्यात, राइट हे सातोशी नव्हेत, असा स्पष्ट निर्वाळा मिळाला आणि त्याच वर्षी ट्युलिपचा दावाही संपला. मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारांवर एक टक्का उद्गम करकपात लागू झाली. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. या तरतुदी कर आणि देखरेखीपुरत्या आहेत. जाळ्याचे नियम कोण बदलतो, याच्याशी त्यांचा संबंध नाही आणि भारतातील कोणतीही यंत्रणा ते ठरवूही शकत नाही.

अशा वेळी ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा सत्ताधीश म्हणजे त्याचे एक्स्चेंज. वही दुभंगली तर कोणत्या बाजूला मूळ नाव द्यायचे आणि दुसऱ्या बाजूची नाणी ग्राहकाला द्यायची की नाही, हे एक्स्चेंज ठरवते. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘कॉइनबेस’ या अमेरिकी एक्स्चेंजने सुरुवातीला ग्राहकांना बिटकॉइन कॅश देण्यास नकार दिला होता. ग्राहकांच्या नाराजीनंतर भूमिका बदलली आणि ती नाणी प्रत्यक्षात मिळाली डिसेंबरमध्ये. ज्यांनी किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या होत्या, त्यांना कोणाच्याही परवानगीची गरज पडली नाही.

नकाराधिकार कोणाच्या हाती?

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. या चलनांत आदेश देण्याचा अधिकार कोणाकडेच नाही, नकार देण्याचा अधिकार मात्र अनेकांकडे विभागलेला आहे. प्रोग्रामर बदल लिहिण्यास नकार देऊ शकतो, मायनर किंवा व्हॅलिडेटर तो चालवण्यास, नोडधारक तो स्वीकारण्यास आणि खरेदीदार त्याला भाव देण्यास. जितके नकार देणारे जास्त आणि स्वतंत्र, तितका बदल अवघड आणि धारकाचा पैसा मनमानीपासून सुरक्षित. नकार देणारे मूठभर असले की बदल झटपट होतो. तो भल्यासाठी होईल की बुऱ्यासाठी, हे त्या मूठभरांच्या सचोटीवर अवलंबून राहते.

म्हणून एखाद्या चलनाचा भाव पाहण्याआधी काही साधे प्रश्न विचारणे हिताचे ठरते. त्याची आज्ञावली किती स्वतंत्र लोक लिहितात आणि त्यांना पैसा कोण देतो? ब्लॉक तयार करणारे किती आहेत? जाळे आजवर कधी थांबवले गेले आहे का, आणि कोणाच्या सांगण्यावरून? सामान्य माणसाला घरच्या संगणकावर नोड चालवता येतो का? आणि आपल्या नाण्यांची किल्ली आपल्याजवळ आहे की एक्स्चेंजजवळ?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नोड न चालवणारा आणि किल्लीही स्वतःजवळ न ठेवणारा धारक आपला नकाराधिकार आधीच दुसऱ्याला देऊन बसलेला असतो. नियम बदलतील त्या दिवशी त्याला कोणी विचारणार नाही. बदल झाल्याचे त्याला कळेल ते एक्स्चेंजने पाठवलेल्या सूचनेतून.